ट्रॅक्टरवाल्याची मोटार

— द्वितीय वर्ष, कला

वार्षिक अंकासाठी चरित्रलेख लिहायचा म्हटले की आम्हा विद्यार्थ्यांपुढे काही ठरावीक नावे उभी राहतात. त्या थोरांविषयी मला आदर आहे. पण त्यांच्यावर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे याच महाविद्यालयात पुष्कळ आहेत. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो संत नव्हता, देशभक्त नव्हता, साहित्यिक तर मुळीच नव्हता. तो एका शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने आधी ट्रॅक्टर केले आणि मग मोटारी केल्या. १९९३ साली तो वारला, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. त्याचे नाव फेरुच्चो लॅम्बोर्गिनी.

त्याची आणि माझी गाठ पडली ती वसतिगृहाच्या खोलीत. गेल्या वर्षी एका रात्री माझ्या खोलीतल्या मित्राने मोबाईलवर एका जुन्या इंग्रजी सिनेमाचा सुरुवातीचा भाग दाखवला. सिनेमाचे नाव ‘द इटालियन जॉब’, साल १९६९. आल्प्स पर्वतातला ग्रेट सेंट बर्नार्ड घाट आहे. बर्फाची शिखरे, वळणावळणाचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून एक नारिंगी मोटार पाण्यासारखी वाहत चालली आहे. चालवणारा नट रोसानो ब्राझी. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात सिगारेट. मागे संथ गाणे चालू आहे. तीनएक मिनिटे दुसरे काहीच घडत नाही. मग मोटार बोगद्यात शिरते आणि आत उभ्या केलेल्या बुलडोझरवर आदळते. थोड्या वेळाने तो बुलडोझर मोटारीचा चेंदामेंदा बाहेर आणतो आणि दरीत ढकलून देतो.

खोलीतले सगळे हळहळले. ती मोटार ‘लॅम्बोर्गिनी मिउरा’ असून आज तशी एक घ्यायची तर दहा लाख डॉलरच्या पुढे, म्हणजे आठ-नऊ कोटी रुपये मोजावे लागतील, असे मित्राने सांगितले. मी सहज विचारले, ही बनवली कोणी? तो म्हणाला, एका ट्रॅक्टरवाल्याने.

मी गप्प बसलो. कारण मीही एका ट्रॅक्टरवाल्याचाच मुलगा आहे. आमचे आबा तासगाव तालुक्यात दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत आणि रानांत भाड्याने ट्रॅक्टर चालवायचे. नांगरट, रोटर, फवारणी, पाण्याचा टँकर ओढणे, जे मिळेल ते. ‘ट्रॅक्टरवाल्याचा पोरगा’ हे शब्द शाळेत असताना मी पुष्कळदा ऐकले आहेत आणि ते कौतुकाने म्हटलेले नसत. त्यामुळे हा माणूस कोण, हे शोधल्याशिवाय मला राहवेना. इंग्रजी वाचताना अडलो तिथे आमच्या सरांनी मदत केली. जे समजले ते इथे मांडतो.

फेरुच्चोचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी इटलीच्या उत्तर भागात, चेंतो गावाजवळच्या रेनात्सो या खेड्यात झाला. वडिलांचे नाव अंतोनियो, आईचे एवेलिना. घरची द्राक्षाची शेती. हा सगळा मुलूख सपाट आणि सुपीक आहे. थोरल्या मुलाने बाग सांभाळावी ही जगातल्या सगळ्याच शेतकऱ्यांची इच्छा असते, तशी ती तिथेही असणार. पण मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, त्याप्रमाणे या मुलाचे लक्ष वेलींपेक्षा अवजारांकडे जास्त. पुढे तो यंत्रविद्या शिकायला तंत्रशाळेत गेला. म्हणजे पुस्तकी पंडित तो कधीच नव्हता. पण आपल्याला कशाचे वेड आहे हे त्याला लवकर कळले, आणि घरच्यांनी ते मोडून काढले नाही.

१९४० साली त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. हवाईदलात मेकॅनिक म्हणून त्याची रवानगी झाली ती ऱ्होड्स बेटावर. चहूकडे समुद्र, युद्धामुळे सुटे भाग यायची मारामार, आणि बेटावरच्या लष्करी गाड्या चालू ठेवण्याची जबाबदारी अंगावर. तिथे तो वाहनदुरुस्ती विभागाचा प्रमुख झाला. नवा भाग मिळत नसेल तर जुन्यातून घडवायचा, एका गाडीचे दुसरीला लावायचे, ही विद्या त्याला त्या बेटाने शिकवली असणार. १९४५ साली बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि फेरुच्चो युद्धकैदी झाला. सुटून घरी यायला आणखी एक वर्ष गेले.

घरी आल्यावर त्याने क्लेलिया मोंती या मुलीशी लग्न केले आणि जवळच्या पिएवे दी चेंतो या गावात लहानसे गॅरेज काढले. आता दिवस बरे येतील असे वाटत असतानाच १९४७ साली पहिल्या मुलाच्या, तोनिनोच्या, जन्माच्या वेळी क्लेलिया वारली. एकतीस वर्षांचा माणूस, पदरात तान्हे मूल आणि हातात नुकतेच सुरू केलेले गॅरेज. चरित्रांतून या गोष्टीला एक-दोन ओळीच मिळतात. पण पुढे त्याने जे जे उभे केले ते या दुःखाच्या पाठीवर उभे आहे, हे विसरू नये असे मला वाटते.

त्या काळात इटलीत धान्याची टंचाई होती आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवा होता; पण नवा ट्रॅक्टर परवडत नव्हता. उलट युद्ध संपल्यामुळे लष्कराची वाहने, इंजिने आणि लोखंड भंगाराच्या भावात पडून होते. फेरुच्चोने या दोन गोष्टी एकत्र जोडल्या. लष्करी गाड्यांचे भाग घेतले, मॉरिस ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले आणि ट्रॅक्टर तयार केला. अडचण अशी की ते इंजिन पेट्रोलचे, आणि पेट्रोल महाग. म्हणून त्याने इंधनाची वाफ करणारे एक साधन तयार केले. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे आणि एकदा गरम झाले की स्वस्त डिझेलवर चालवायचे. शेतकऱ्याच्या खिशाला नेमके कुठे टोचते हे ज्याला घरूनच ठाऊक आहे त्यालाच असली युक्ती सुचते. या ट्रॅक्टरचे नाव ‘कॅरिओका’. ३ फेब्रुवारी १९४८ रोजी, चेंतोच्या ग्रामदैवत संताच्या उत्सवात, त्याने तो भर चौकात मांडला. त्याच दिवशी अकरा ट्रॅक्टरांची मागणी आली असे सांगतात. आपल्याकडे जत्रेत बैल विकतात, तसाच हा प्रकार झाला!

त्याच वर्षी आणखी एक प्रकार घडला तोही सांगण्याजोगा आहे. फेरुच्चोने आपली लहानशी फियाट टोपोलिनो मोटार स्वतःच्या हाताने सुधारून ‘मिले मिलिया’ या इटलीच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरवली. अकराशे किलोमीटर त्याने ती पळवली आणि मग तुरीन शहराजवळ फियानो इथे मोटार थेट एका खानावळीच्या भिंतीत घुसली. शर्यत तिथेच संपली. शर्यतीचा नादही तिथेच संपला. पुढे मोटारींचा कारखाना काढल्यावरही त्याने कंपनीला शर्यतीत उतरू दिले नाही. एकदा ठेच लागल्यावर शहाणे होणारी माणसे फार थोडी; हा त्यांतला एक.

ट्रॅक्टरचा धंदा मात्र भरभर वाढला. काही वर्षांतच ‘लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर’ हे इटलीतले मोठे नाव झाले. पुढे घरे गरम ठेवणाऱ्या बर्नरचा आणि हवा थंड करणाऱ्या यंत्रांचाही कारखाना निघाला. द्राक्षबागेतला पोर श्रीमंत झाला आणि श्रीमंत माणसे करतात तेच त्याने केले, चांगल्या चांगल्या मोटारी विकत घेतल्या. त्यांत एन्झो फेरारीच्या कारखान्यातल्या मोटारीही होत्या.

इथून पुढची हकीकत जगप्रसिद्ध आहे. ती खुद्द फेरुच्चोनेच पुढे मुलाखतींतून सांगितलेली असल्यामुळे तिच्यात तिखटमीठ किती आणि खरे किती हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच्या फेरारीचा क्लच सारखा बिघडायचा. कारखान्यात नेली की मेकॅनिक मोटार आत घेऊन जात आणि काय केले ते दाखवत नसत. शेवटी फेरुच्चोने आपल्याच कारखान्यात ती उघडून पाहिली. आत जो क्लच निघाला तो त्याच्या ट्रॅक्टरला बसणाऱ्या क्लचच्याच जातीचा होता! हे गाऱ्हाणे घेऊन तो एन्झो फेरारीकडे गेला तेव्हा फेरारीने त्याला ट्रॅक्टरवाला म्हणून उडवून लावले. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला मोटारीतले काय कळणार, असा एकूण आविर्भाव. आणि त्या अपमानातून फेरुच्चोने स्वतःच मोटार बनवण्याचा निश्चय केला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या घरचा प्रसंग आठवला. आबांच्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट गेली होती. एका दुकानदाराने ‘कंपनीची’ म्हणून जी प्लेट दाखवली तिची किंमत ऐकून आबा उठले, बाजारात चार दुकाने फिरले आणि अगदी तीच प्लेट दुसऱ्या खोक्यात निम्म्या किमतीला घेऊन आले. पहिल्या दुकानदाराला त्यांनी दोन्ही खोकी नेऊन दाखवली. तो काय बोलला ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातही ‘तुम्हाला काय कळतंय’ हा सूर होताच. आबा घरी येऊन मुकाट्याने प्लेट बसवू लागले. मी त्यांना पाने देत होतो. फरक एवढाच की फेरुच्चोजवळ अपमान गिळण्याऐवजी कारखाना काढण्याइतका पैसा होता. अपमान सगळ्यांचाच होतो. उत्तर देण्याची ऐपत थोड्यांची असते.

१९६३ साली बोलोन्या आणि मोदेना यांच्या मधल्या सांताआगाता या गावी, शेतांच्या मधोमध, मोटारींचा कारखाना उभा राहिला. गावची नगरपालिका कम्युनिस्टांची होती. तिने करात सवलती दिल्या आणि त्या बदल्यात कामगारांची संघटना मान्य करायची अट घातली. इंजिनासाठी फेरुच्चोने जोत्तो बित्सारिनी या नामांकित तंत्रज्ञाला नेमले. हा पूर्वी फेरारीकडेच होता. त्याने बारा सिलिंडरचे इंजिन केले ते थेट शर्यतीला शोभेल असे. फेरुच्चोला मात्र रोज वापरता येईल अशी गाडी हवी होती. दोघांचे पटले नाही आणि बित्सारिनी गेला. पण त्याच्या इंजिनाचा वंश त्या कारखान्यात पुढे कित्येक दशके चालला.

त्याच वर्षीच्या तुरीन प्रदर्शनातली गंमत सांगण्यासारखी आहे. पहिली मोटार दाखवायला तयार झाली, पण इंजिन बॉनेटखाली मावेना! वेळ उरलेला नव्हता. मग इंजिनाऐवजी वजन भरून मोटार मांडली. कोणी म्हणतात विटा भरल्या होत्या, कोणी म्हणतात फरश्या. प्रदर्शन संपेपर्यंत बॉनेट काही उघडले नाही. दुसऱ्या वर्षी सुधारलेली ‘३५० जीटी’ बाजारात आली. १९६४ सालात तिच्या अवघ्या १३ गाड्या तयार झाल्या आणि त्याही तोट्यात विकाव्या लागल्या.

मग आली मिउरा. हिची कथा आम्हा विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. कारखान्यातले जानपावलो दाल्लारा आणि पावलो स्तान्झानी हे दोन तंत्रज्ञ आणि न्यूझीलंडहून आलेला चाचणी-चालक बॉब वॉलेस हे तिघे कामाचे तास संपल्यावर एका वेगळ्या मोटारीचा आराखडा करत बसत. इंजिन पुढे नाही, चालकाच्या पाठीमागे, आणि तेही आडवे! मालकाला असली शर्यतीच्या घाटाची गाडी नको होती. पण मुलांनी दाखवलेला आराखडा पाहून, निदान जाहिरात तरी होईल म्हणून त्याने होकार दिला. १९६५ च्या तुरीन प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला तरी लोक मागणी नोंदवू लागले. अंगाचा घाट बेर्तोने या कारखान्यातल्या मार्चेल्लो गांदिनीने रेखला आणि मार्च १९६६ मध्ये जिनेव्हात पुरी मोटार लोकांपुढे आली. त्या वेळी या चौघांपैकी एकानेही वयाची तिशी गाठलेली नव्हती. मालकाचे मोठेपण हे की त्याने आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरांचे ऐकले.

चार लिटरचे इंजिन, ३५० अश्वशक्ती, ताशी सुमारे २८० किलोमीटर वेग. आज ज्यांना ‘सुपरकार’ म्हणतात त्या जातीची ही पहिली मोटार, असे पुष्कळ जाणकार मानतात. मिउरा हे नाव स्पेनमधल्या झुंजीचे बैल पैदा करणाऱ्या घराण्याचे. फेरुच्चोची रास वृषभ. म्हणून फेरारीच्या घोड्यासमोर याने बैल उभा केला. १९७३ पर्यंत सुमारे साडेसातशे मिउरा तयार झाल्या.

आता पुन्हा त्या सिनेमाकडे येऊ. दरीत ढकललेली मोटार कोणती? खरे म्हणजे चित्रीकरणासाठी दोन मिउरा होत्या. घाटातून धावते ती कोरी, गिऱ्हाइकाला द्यायची होती. आणि दरीत पडते ती आधीच अपघातात मोडलेली. कोऱ्या गाडीत पांढऱ्या कातड्याच्या बैठका होत्या. चित्रीकरणात त्या मळतील म्हणून कारखान्याच्या माणसाने त्या काढून काळ्या बैठका बसवल्या. डोके टेकायच्या उशा मात्र बदलता आल्या नाहीत, त्या पांढऱ्याच राहिल्या, आणि सिनेमात नीट पाहिले तर दिसतात. हे वाचून मला हसू आले. आबाही भाड्यावर जाताना ट्रॅक्टरच्या सीटवर पोते टाकायचे.

चित्रीकरण झाल्यावर ती नारिंगी मोटार नेहमीसारखी गिऱ्हाइकाकडे गेली आणि चारचौघींसारखी एक होऊन हिंडत राहिली. हीच ती सिनेमातली, हे कोणालाही खात्रीने सांगता येईना. अखेर २०१९ साली, सिनेमाला पन्नास वर्षे होताना, लॅम्बोर्गिनी कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने कारखान्याचे कागद तपासले, जुन्या कामगारांच्या आठवणी जुळवल्या आणि चॅसी नंबर ३५८६ हीच ती मोटार असा दाखला दिला. लोखंड तेच, इंजिन तेच. पण एका दाखल्याने ती इतर मिउरांहून वेगळी झाली.

या जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी वाचताना मी चक्रावून गेलो. नवी मिउरा त्या काळी सुमारे वीस हजार डॉलरला मिळे. आज तिची किंमत किती पट झाली ते वर आलेच. सिनेमाचा स्पर्श झाला तर आणखी निराळेच. ‘बुलिट’ या १९६८ च्या सिनेमात स्टीव्ह मॅकक्वीनने चालवलेली हिरवी फोर्ड मस्टँग ही काही महागड्या जातीची मोटार नव्हे. १९७४ पासून ती एका कुटुंबाकडे होती आणि काही काळ घरच्या रोजच्या वापरातही होती. २०२० साली लिलावात तिला ३७ लाख ४० हजार डॉलर आले, आणि तेही तिचे पोचे न काढता, रंग न देता! जेम्स बाँडच्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी बनवलेली एक ॲस्टन मार्टिन डीबी५ ही २०१९ साली ६३ लाख ८५ हजार डॉलरला गेली. लॅम्बोर्गिनीचीच ‘कुंताश’ ही पुढची मोटार, तिचा घाटही गांदिनीचाच. १९८१ च्या ‘द कॅननबॉल रन’ सिनेमात धावलेली काळी कुंताश अमेरिकेने २०२१ साली आपल्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घातली. ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ या २०१३ च्या सिनेमातली एक पांढरी कुंताश २०२३ साली साडेसोळा लाख डॉलरला विकली गेली.

म्हणजे ही किंमत नुसत्या लोखंडाची नाही. ती गोष्टीची आहे. पण नुसत्या गोष्टीलाही किंमत नाही; ती गोष्ट याच वस्तूची आहे असे सांगणारा नंबर आणि कागद लागतो. गोष्ट, नंबर आणि कागद हे तिन्ही जुळले की लोखंडाचे सोने होते. यातला एक जरी निखळला तरी ते पुन्हा लोखंड.

या सगळ्या वैभवातले फेरुच्चोच्या वाट्याला मात्र फारसे आले नाही. १९७१ च्या सुमारास त्याचे ग्रह फिरले. ट्रॅक्टरचा जवळजवळ अर्धा माल परदेशी जाई. दक्षिण आफ्रिकेतल्या आयातदाराने सगळी मागणी रद्द केली. बोलिव्हियाच्या सरकारने ट्रॅक्टरांची फार मोठी मागणी नोंदवली होती. तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि नव्या सरकारने ती मोडली. जेनोवाच्या बंदरात माल जहाजावर चढायच्या तयारीत होता म्हणतात. कामगार संघटित होते, त्यांना कमी करता येत नव्हते. ट्रॅक्टरचा कारखाना विकावा लागला. तो ‘सामे’ या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला. १९७२ साली मोटार कंपनीचा ५१ टक्के हिस्सा एका स्विस उद्योजकाने सहा लाख डॉलरला घेतला आणि १९७४ साली उरलेला ४९ टक्केही फेरुच्चोने विकून टाकला. कुंताश गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली त्याच वर्षी तिच्या कारखान्याचा जनक तिथून बाहेर पडला. आज एका चांगल्या मिउरालाच सहा लाख डॉलरहून अधिक पैसे पडतात. त्या वेळी तेवढ्यात कारखान्याची मालकी मिळाली!

यापुढे फेरुच्चोने जे केले ते मला सगळ्यांत जास्त आवडले. तो उंब्रिया प्रांतात, त्रासिमेनो सरोवराच्या काठी गेला, तिथे जमीन घेतली आणि द्राक्षे लावली. ज्या बागेतून तो पळाला होता त्याच बागेत साठीच्या उंबरठ्यावर परत आला. तिथल्या द्राक्षांची दारू तो करू लागला आणि तिचे नाव ठेवले ‘मिउराचे रक्त’. २० फेब्रुवारी १९९३ रोजी पेरुजा इथे, वयाच्या ७६ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याला पुरले ते रेनात्सोलाच, जन्मगावी. त्याच्या नावाची मोटार कंपनी मधल्या काळात दिवाळखोरीत गेली, हाताहातांतून फिरली आणि १९९८ साली जर्मनीच्या आउडीकडे गेली. त्याच्या मुलाने उभारलेल्या संग्रहालयात मात्र मिउराबरोबर कॅरिओका ट्रॅक्टरही मांडलेला आहे. माझ्या मते योग्यच झाले.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ही सगळी गोष्ट मी आबांना सांगितली. ते अंगणात बसून ऐकत होते. मोटारीच्या किमती ऐकून आई म्हणाली, मेलं काहीतरीच. आबांनी एकच गोष्ट विचारली. तो पहिला ट्रॅक्टर अजून आहे काय? मी म्हणालो, संग्रहालयात आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमचा ट्रॅक्टर आता नाही. मी अकरावीला शहरात आलो त्या वर्षी आबांनी तो विकला. मला तेव्हा सांगितले होते की तो जुना झाला, परवडत नाही. खरे कारण माझी फी, वसतिगृह आणि अंगावरचे कर्ज हे होते, हे मला वर्षभराने आईकडून कळले. घेणाऱ्याने टायर पाहिले, तासांचा काटा पाहिला, तेल पाहिले आणि दोन लाख दहा हजार दिले. त्या ट्रॅक्टरवर आमचे घर बारा वर्षे चालले होते, याचे त्याने वेगळे काही दिले नाही. देणार तरी कसे? ती गोष्ट त्याची नव्हती, आमची होती. आता आबा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजाने जातात.

मी यंत्र शिकायला गेलो नाही, कला शाखेत आलो. कधी कधी रात्री वाटते की हे चुकले, आबांचा ट्रॅक्टर मी पुस्तकांत घातला. आमच्या घरात माझ्याआधी महाविद्यालयाची पायरी कोणी चढलेले नाही, त्यामुळे हे बरोबर की चूक हे विचारायलाही घरी कोणी नाही. फेरुच्चोच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर मला सापडले असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट कळली. ज्याच्या मागे कोणी कागद जपतो, आठवणी जुळवतो, त्याचेच नाव राहते. हे काम तर आमच्या शाखेचेच आहे.

दिवाळीहून निघताना मी आईची पेटी उघडायला लावली. तळाशी ट्रॅक्टरच्या विम्याचा जुना कागद आणि पहिल्या हप्त्याची पावती निघाली. आबांनी ती जपून ठेवली होती, कशासाठी ते त्यांनाही सांगता आले नाही. कागदावर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आहेत. ते मी माझ्या इतिहासाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. ट्रॅक्टर कवठेमहांकाळच्या बाजूला कोणाकडे तरी चालतो आहे असे ऐकले आहे. नोकरी लागली की प्रथम तिकडे एक फेरी मारायची, हे मी मनाशी ठरवले आहे.